अंगाच्या मापाची नौका : व्हाइटवॉटर कयाकच्या निवडीमागील इतिहास

खळाळत्या नदीसाठी कयाक घेऊ इच्छिणाऱ्या माणसाला जाणकार विक्रेता प्रथम त्याचे वजन विचारतो, मग उंची, मग पायाचे माप आणि त्यानंतरच तो कोणत्या नदीत उतरणार आहे हे विचारतो. नवख्याला ही चौकशी शिंप्याच्या दुकानात शोभेल अशी वाटते. परंतु कयाक ही वस्तू मुळात अंगावर बेतूनच घडवली जात असे. मधल्या काळात, विशेषतः ती कारखान्यातील साच्यातून बाहेर पडू लागल्यावर, तिचा आणि शरीराचा हा संबंध सुटला. आज ज्याला ‘आउटफिटिंग’ म्हणतात, म्हणजे आसन, कमरेच्या बाजूच्या गाद्या, मांड्यांचे आधार, पाठीचा पट्टा आणि पायाखालची फळी बसवून घेण्याचे काम, ते त्या सुटलेल्या संबंधाची पुन्हा जुळणी करण्याचे काम आहे. या जुळणीत एक मूळचा पेच आहे. नौकेत माणूस घट्ट बसला पाहिजे आणि वेळ आली तर त्याला क्षणात बाहेरही पडता आले पाहिजे. कयाकच्या रचनेतील बहुतेक मोठे बदल या पेचातूनच झाले आहेत.

आर्क्टिक प्रदेशातील इनुइट, युपिक आणि अल्यूट लोकांच्या कयाक या शिकारीच्या नौका होत्या. झाडे न उगवणाऱ्या किनाऱ्यावर समुद्राने वाहून आणलेले लाकूड आणि हाडे यांचा सांगाडा बांधायचा आणि त्यावर सीलची कातडी ताणून शिवायची, अशी ती पद्धत होती. कातडी शिवण्याचे काम स्त्रिया करीत आणि पाणी आत झिरपू न देणारी ती शिवण हे स्वतंत्र कौशल्य होते. मापाची पट्टी म्हणजे खुद्द शिकाऱ्याचे शरीर. ग्रीनलंडच्या परंपरेत लांबी साधारणपणे पसरलेल्या दोन्ही हातांच्या अंतराच्या तिप्पट धरीत, बैठकीपाशी रुंदी कमरेइतकी अधिक दोन मुठी आणि खोली एक मूठ व ताणलेला अंगठा एवढी ठेवीत. यातून साधारण 5 मीटर लांबीची आणि 50 ते 55 सेंटिमीटर रुंदीची, अतिशय निमुळती नौका तयार होई. एकाची नौका दुसऱ्याला बसेलच असे नव्हते, आणि तशी अपेक्षाही नव्हती.

अंगावर चढवायचा कातडी अंगरखा बैठकीच्या कड्याभोवती आवळून बांधला की माणूस आणि नौका एकच होत. नौका उलटली तर बाहेर पडून पोहणे हा पर्याय तेथे नव्हता, कारण त्या थंड पाण्यात पोहणारा फार वेळ जगत नसे. त्यामुळे आत बसूनच, पॅडलच्या म्हणजे वल्ह्याच्या आणि कमरेच्या हिसक्याने पुन्हा सरळ होण्याची कला, म्हणजे रोल, तेथे जन्माला आली. रोल ही हाताच्या जोराची करामत आहे असा समज आजही नवशिक्यांत आढळतो. प्रत्यक्षात मांड्या आणि कंबर नौकेला चिकटून असतील तरच शरीराची हालचाल तळापर्यंत पोहोचते. हे शहाणपण त्या शिकाऱ्यांना नौका बांधतानाच अवगत होते आणि त्यांच्या मापांच्या नियमांत ते पुरेपूर उतरले आहे.

युरोपने कयाकचा आकार घेतला, पण हे शहाणपण लगेच घेतले नाही. स्कॉटिश वकील जॉन मॅकग्रेगर याने 1865 साली ‘रॉब रॉय’ नावाची नौका बांधून घेतली आणि तीतून युरोपातील नद्यांवर व सरोवरांवर प्रवास केला. त्याच्या प्रवासवर्णनामुळे या छंदाला एवढा बहर आला की 1866 साली इंग्लंडमध्ये रॉयल कनू क्लब स्थापन झाला. ओकच्या फळ्यांची, सुमारे साडेचार मीटर लांब आणि 70 सेंटिमीटर रुंद अशी ती नौका होती. तीत माणूस ऐसपैस बसे. त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा जर्मनीत आला. वास्तुकलेचा विद्यार्थी आल्फ्रेड हॉयरिख याने 1905 साली घडी घालून वाहून नेता येईल अशी कयाक तयार केली आणि ती इझार नदीत उतरवली. रोझेनहाइम येथील शिंपीकामाचे व्यावसायिक योहान क्लेपर यांनी 1907 साली तिचे हक्क घेऊन उत्पादन सुरू केले. लाकडी सांगाडा आणि रबराचा लेप दिलेले कापड असलेली ही नौका पिशवीत बांधून आगगाडीने डोंगरात नेता येई, आणि आल्प्समधील नद्या शहरी तरुणांच्या आवाक्यात आल्या त्या त्यामुळेच. ती उलटली तर मात्र पोहत काठ गाठावा लागे, कारण तिच्या रुंद पोटात मांडीला किंवा कमरेला धरून ठेवणारे काहीच नव्हते.

ऑस्ट्रियाच्या हान्स पावलाटा याने ध्रुवीय प्रवाशांच्या लेखनातील वर्णने वाचून 1927 साली वाइसेनझे या सरोवरात रोल साधला. आर्क्टिकमध्ये न जाता ही कला आत्मसात करणारा तो पहिला युरोपीय मानला जातो. पुढे गिनो वॉटकिन्स या इंग्रज संशोधकाने ती थेट ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांकडून शिकून घेतली, आणि 1932 साली तेथेच कयाकमधून शिकारीला गेला असता तो परतला नाही. रोल येऊ लागल्यावर नौका अरुंद आणि बंदिस्त होणे क्रमप्राप्त होते. 1930च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये बर्फावरील स्लॅलमच्या, म्हणजे वळणावळणाच्या शर्यतीच्या धर्तीवर पाण्यातील स्लॅलम सुरू झाले, 1949 साली जिनिव्हात पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि टांगलेल्या काठ्यांच्या फाटकांतून नेमकेपणे वळण्यासाठी नौका अंगाशी बांधल्यासारखी असणे ही गरजच झाली.

ही गरज फायबरग्लासने भागवली. काचतंतूंचे कापड आणि राळ यांपासून साच्यावर नौका घडवणे घराच्या अंगणातही शक्य होते. अनेक क्लबांकडे सामायिक साचे असत आणि सभासद आपापली नौका स्वतः घडवीत. पाणी न शोषणाऱ्या फोमचे तुकडे कापून, घासून, आपल्या कमरेच्या आणि मांडीच्या आकाराचे करून आत चिकटवण्याची पद्धत याच काळात रुजली. माझ्या मते आर्क्टिकच्या बांधणीनंतर शरीर आणि नौका यांचे सर्वांत जवळचे नाते या फायबरग्लासच्या कयाकमध्ये होते. स्पर्धेच्या नियमानुसार स्लॅलम कयाकची लांबी किमान 4 मीटर आणि रुंदी किमान 60 सेंटिमीटर असावी लागे. त्यामुळे नदीवर सहलीला जाणाऱ्यांच्या नौकाही बऱ्याच काळपर्यंत तेवढ्याच लांब राहिल्या. नदीची गरज काहीही असो, माप स्पर्धेच्या नियमाचे होते. 1972च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये आउग्सबुर्गच्या आइसकनाल या कृत्रिम प्रवाहावर स्लॅलमचा प्रथमच समावेश झाला आणि या धाटणीच्या नौकांना मोठी प्रतिष्ठा मिळाली.

फायबरग्लासचा दोष म्हणजे ठिसूळपणा. दगडावर आपटल्यावर ते तडकते, आणि लांबच्या मोहिमेत दुरुस्तीचे कापड व राळ हे शिधासामग्रीइतकेच आवश्यक सामान असे. ब्रिटिश डॉक्टर माइक जोन्स यांच्या तुकडीने 1976 साली एव्हरेस्टच्या पायथ्याकडून येणारी दूधकोशी नदी कयाकने उतरली, ती याच पिढीच्या नौकांतून. हिमालयातील नद्यांकडे जगभरच्या कयाकपटूंचे लक्ष वळले त्यात या मोहिमेचा वाटा मोठा आहे. जोन्स 1978 साली काराकोरममधील ब्राल्डू नदीत सहकाऱ्याच्या मदतीला जाताना बुडून मरण पावले.

1973 साली कॅलिफोर्नियात टॉम जॉन्सन यांनी आखलेली आणि हॉलोफॉर्म कंपनीने तयार केलेली ‘रिव्हर चेसर’ ही प्लास्टिकची कयाक बाजारात आली आणि चित्र पालटले. आपल्याकडे गच्चीवर असणारी प्लास्टिकची पाण्याची टाकी ज्या पद्धतीने घडते, त्याच पद्धतीने ही नौका घडली होती. पॉलिथिलिनची भुकटी पोकळ साच्यात घालून तो साचा भट्टीत दोन अक्षांभोवती फिरवत ठेवला की वितळलेले प्लास्टिक आतल्या भिंतींवर सारखे पसरते आणि निवल्यावर सांधा नसलेले एकसंध कवच हाती येते. अशी नौका दगडावर आपटली तरी फुटत नाही. पुढे अमेरिकेतील पर्सेप्शन कंपनीने 1980च्या दशकाच्या सुरुवातीला आणलेली ‘डान्सर’ ही सुमारे साडेतीन मीटरची कयाक अमाप खपली आणि घरी नौका बनवण्याची प्रथा मागे पडली.

प्लास्टिकमुळे लाभ झाला, तसे दोन प्रश्नही उभे राहिले. पहिला मापाचा. धातूचा साचा महाग असतो, म्हणून एकच नौका 50 किलोच्या मुलीलाही विकायची आणि 95 किलोच्या पुरुषालाही. त्यामुळे आतली पोकळी सर्वांना सामावेल अशी मोठी ठेवली गेली आणि प्रत्येकाने ती आपल्यापुरती भरून घ्यावी अशी व्यवस्था आली. दुसरा प्रश्न अधिक गंभीर होता. फायबरग्लास मोडते, प्लास्टिक वाकते. वेगवान प्रवाहात नौका दगडाला आडवी अडकली तर पाण्याच्या दाबाने तिचे वरचे कवच आत दबून पाय चिमटीत सापडू शकतात. फायबरग्लासची नौका अशा वेळी अनेकदा दुभंगे आणि माणूस सुटे. म्हणून प्लास्टिकच्या कयाकमध्ये पुढे आणि मागे, मधोमध, कडक फोमची उभी भिंत घालण्यात येऊ लागली. नवख्या ग्राहकाला ही भिंत पायाच्या आड येणारी अडचण वाटते, परंतु ती कवच तोलून धरणारा खांब आहे. जागा हवी म्हणून ती कापून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कदापि मानू नये.

पायाखालच्या आधाराचा इतिहासही असाच अपघातांतून घडला. जुन्या नौकांत दोन्ही बाजूंना छोट्या खुंट्या असत. उंचावरून कोसळताना नौकेचे टोक तळाच्या दगडावर आदळले की पाऊल खुंटीवरून घसरून पुढच्या निमुळत्या भागात रुतून बसण्याचा धोका असे. त्यावर उपाय म्हणून दोन्ही तळव्यांना पूर्ण टेकू देणारी रुंद फळी, म्हणजे बल्कहेड, आणि तिच्यावर धक्का शोषणारा फोम आला. विक्रेता पायाचे माप विचारतो ते या फळीपाशी पाऊल सरळ मावते की नाही, हे ठरवण्यासाठी. बैठकीचे तोंड, म्हणजे कॉकपिट, याचाही आकार बदलला. पूर्वी ते लहान आणि लंबगोल असल्यामुळे गुडघे वर उचलता येत नसत. पाय सरळ ठेवून मागे सरकतच बाहेर पडावे लागे, आणि नौका नाक खाली करून अडकली असता ते अशक्यप्राय होई. 1980च्या दशकापासून कुलुपाच्या भोकासारखे लांबट कॉकपिट रूढ होत गेले. त्यातून गुडघे एकेक करून बाहेर काढता येतात आणि तरीही बाजूंना पुढे आलेले मांड्यांचे आधार बसल्या जागी पकड देतात. घट्ट बसणे आणि चटकन सुटणे यांची सर्वांत समाधानकारक तडजोड या एका आकारात साधली आहे.

त्यानंतर लांबी झपाट्याने घटली. जर्मनीच्या ‘एस्किमो’ कंपनीची ‘टोपोलिनो’ जेमतेम सव्वादोन मीटरची होती, आणि अरुंद, तीव्र उताराच्या ओढ्यांत ती सहज वळे. 1990च्या दशकाच्या मध्यास सर्फबोर्डसारखा सपाट तळ कयाकला देण्याचे प्रयोग झाले. दक्षिण आफ्रिकेचे कॉरन ॲडिसन यांचे नाव त्यांत आघाडीवर आहे. सपाट तळामुळे नौका लाटेवर घसरू, फिरू लागली आणि फ्रीस्टाइल हा खेळाचा वेगळा प्रकार फोफावला. नौकांच्या आजच्या जाती त्या फाट्यातून आल्या. दोन मीटरच्या आतबाहेरची, कमी आकारमानाची प्लेबोट, धबधब्यांसाठी गोलसर, टोके उचललेली, अडीच मीटरच्या पुढची क्रीकबोट, आणि दोहोंच्या मधली, शिकणाऱ्यासाठी सर्वांत उपयुक्त अशी रिव्हररनर. प्रत्येक नौकेवर लिटरमध्ये आकारमान आणि बसणाऱ्याच्या वजनाची मर्यादा दिलेली असते. हलक्या माणसाने मोठी नौका घेतली तर ती पाण्यावर तरंगत राहते, तिच्या कडा पाण्यात दाबता येत नाहीत आणि प्रवाह तिला हवे तिकडे नेतो. जड माणसाची लहान नौका प्रत्येक लाटेत बुडते. एकाच नौकेचे दोन-तीन आकार काढण्याची प्रथा पडल्यावर मापाचा जुना प्रश्न बराच सुटला. अमेरिकेच्या एरिक जॅक्सन यांनी 2000 नंतर सुरू केलेल्या कंपनीने तर लहान मुलांच्या अंगाला येतील अशा नौका काढल्या. तोवर मुले मोठ्यांच्या नौकांत फोम कोंबून बसत.

भारतात या खेळाची मुख्य भूमी ऋषिकेशची गंगा आणि अलीकडे केरळात कोळिकोडेजवळच्या नद्या ही आहे. महाराष्ट्रात कोलाडची कुंडलिका नदी राफ्टिंगसाठी प्रसिद्ध आहे. तेथील वेगवान पाणी भिरा जलविद्युत केंद्रातून सुटते आणि ते मुळशी धरणातून सह्याद्रीपार वळवलेले असते, म्हणजे ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला त्याच धरणाचे. राफ्टबरोबर सुरक्षेसाठी चालणाऱ्या एकट्या माणसाच्या छोट्या नौका पर्यटक पाहतात, त्या या इतिहासातून आलेल्या प्लास्टिकच्या व्हाइटवॉटर कयाक होत. आपल्याकडे नव्या नौका आयात कराव्या लागत असल्याने वापरलेली नौका घेणे हाच अनेकांचा मार्ग असतो, आणि तेथे आउटफिटिंगचे ज्ञान दुप्पट कामी येते. आधीच्या मालकाच्या अंगाची जुळणी काढून आपली करावी लागते. मधली फोमची भिंत जागेवर आहे का, बल्कहेडचे स्क्रू गंजले आहेत का, पाठीचा पट्टा ताण धरतो का, बैठकीखालचे प्लास्टिक झिजून पातळ झाले आहे का, हे रंग आणि नाव पाहण्याआधी पाहावे. मग नदीवर वापरायच्याच बुटांसह आत बसून कमरेच्या गाद्या अशा बसवाव्यात की कूस हलवली तर नौका हलेल, पण मांडीला मुंग्या येणार नाहीत. अर्धा तास तसेच बसून राहावे. शेवटी स्प्रे स्कर्ट, म्हणजे कमरेभोवती बसून कॉकपिटचे तोंड झाकणारे आवरण, लावून, सोबतीला कोणी उभे असताना, कमरेएवढ्या शांत पाण्यात नौका मुद्दाम उलटी करावी, स्कर्टची दोरी ओढावी आणि बाहेर यावे. त्यात पाय कोठे अडकला तर फोम तेवढ्या जागी पुन्हा कापावा.