भक्कम ऑफेन्सिव्ह लाइन पहिल्या फेरीतूनच मिळते?

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला जपणारी पाच जणांची ऑफेन्सिव्ह लाइन ड्राफ्टच्या, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीतूनच उभी राहते, हा समज चुकीचा आहे. फिलाडेल्फिया ईगल्स हा संघच पाहा. सेंटर, म्हणजे लाइनच्या मधोमध खेळणारा, जेसन केल्सी त्यांना २०११ मध्ये सहाव्या फेरीत मिळाला. जॉर्डन मायलाटा तर ऑस्ट्रेलियातला रग्बीपटू. २०१८ मध्ये सातव्या फेरीत निवड झाली तेव्हा तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता! प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांनी त्याला मुळापासून घडवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल हा अंतिम सामना जिंकताना लेफ्ट टॅकल, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाचा खेळाडू, तोच होता. याच लाइनमधला लेन जॉन्सन पहिल्या फेरीतला, हेही खरं. पण अंगावर येणारा बचावपटू शेजाऱ्याकडे कधी सोपवायचा, हे पाचही जणांना एकत्र सरावातूनच उमगतं.