दाढ तू काढणार की डॉक्टर?

‘आय विल बी लेट टुमॉरो. आय हॅव टु एक्स्ट्रॅक्ट माय टूथ.’

हा निरोप इंग्लंडातल्या साहेबाला जायच्या आधी शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं मला दाखवला. ‘ताई, बघ ना, बरोबर आहे ना?’ स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, पूर्णविराम जागच्या जागी. फक्त बाई उद्या सकाळी आरशासमोर पक्कड घेऊन बसणार आहेत, असा त्याचा अर्थ होत होता.

चांगलं इंग्रजी असणारी माणसं हेच करतात, म्हणून जास्त चिडचिड होते. ‘आय हॅव स्टिच्ड अ न्यू ब्लाउज’ म्हणणाऱ्या बाईंच्या घरी शिलाई मशीनसुद्धा नसतं. ‘आय हॅव चेक्ड माय आइज’ म्हणणारा स्वतःचे डोळे स्वतः कसे तपासतो, हे मला अजून बघायचंय.

‘हॅव’चे बाकीचे अर्थ तुम्हाला येतात. घर असणं, ताप असणं, चहा घेणं, जावं लागणं, सगळं ‘हॅव’च. त्यातल्या ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’चं खापर मराठीवर फोडतात, ते तेवढं मला मान्य नाही. ‘मला दोन भाऊ असत आहेत’ असं मराठीत कोण म्हणतं? जेवण, आंघोळ, मजा चालू असते, तिथे ‘हॅविंग’. भाऊ, फ्लॅट आणि डायबेटिस नुसते असतात. पुढे चला.

खरी मेख इथे आहे:

आय हॅड पेंटेड द हाउस.
आय हॅड द हाउस पेंटेड.

शब्द तेच. ‘पेंटेड’ फक्त घराच्या पुढून उठून मागे जाऊन बसला. पहिल्यात ब्रश माझ्या हातात: मी घर रंगवलं होतं. दुसऱ्यात रंगारी आला, मी पैसे दिले: मी घर रंगवून घेतलं. इथे जागा चुकली तरी फार तर उगाच शाबासकी मिळेल. पण हे बघा:

आय हॅड स्टोलन माय वॉलेट.
आय हॅड माय वॉलेट स्टोलन.

दादरला उतरताना ज्याचं पाकीट मारलं गेलं, तो दुसरं वाक्य बोलेल. त्याच्या तोंडून पहिलं गेलं तर त्यानं स्वतःचंच पाकीट चोरलं होतं! आणि इथेच हुशार विद्यार्थी हात वर करतो: घर रंगवून घेतलं, तसं पाकीट चोरून घेतलं का? नाही. या रचनेत ‘हॅव’ एवढंच सांगतो की जे झालं ते माझ्या खात्यावर पडलं. मी सांगून करवलं की माझ्यावर येऊन आदळलं, ते ऐकणाऱ्यानं प्रसंगावरून ओळखायचं. केस, दाढ, ब्लाउज असेल तर करवलं. पाकीट असेल तर बिचारा.

या दोन रचना मुळात जवळच्या. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘मी मासा पकडला आहे’ याचा सांगाडा साधारण ‘माझ्यापाशी मासा पकडलेला आहे’ असा असे. ‘पकडलेला’ हा शब्द कधीकधी माशाप्रमाणे रूपही बदलायचा, आपण आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, फळ खाल्लं म्हणतो तसा. पुढे ती रूपं झडली, शब्दांच्या जागा पक्क्या झाल्या, आणि आता सगळा भार जागेवरच आहे. म्हणून इंग्रजीत शब्द इकडचा तिकडे केलेला चालत नाही. मराठीत ‘पाकीट माझं मारलं’ म्हणा नाहीतर ‘माझं मारलं पाकीट’ म्हणा, चोर बदलत नाही.

मग आपली गफलत होते कुठे? मराठीत आपण बिनधास्त ‘मी केस कापले’, ‘मी दाढ काढली’ म्हणतो, आणि सलूनवाला नि डॉक्टर गृहीत असतात. फार तर ‘कडून’ जोडतो: सुताराकडून कपाट केलं. नेमकं बोलायचं असेल तर ‘करून घेणं’ आहे, पण तेही पूर्ण भरवशाचं नाही. ‘मी काम करून घेतलं’ म्हणजे माणूस लावून, की स्वतःच एकदाचं उरकून? ‘जेवून घे’ म्हटल्यावर तर कुणी दुसऱ्याला जेवायला बसवत नाही. गंमत म्हणजे इंग्रजीतलं ‘आय गॉट द वर्क डन’ अगदी असंच दुतोंडी आहे.

इंग्रजीही सगळीकडे काटेकोर नसते. शाहजहाननं ताजमहाल ‘बिल्ट’ केला असंच तीही म्हणते, त्यानं विटा रचल्या असं कुणी समजत नाही. ‘आय कट माय हेअर’सुद्धा सैल बोलण्यात खपून जातं. दाढ मात्र खपत नाही.

यावर शाळेत शिकवलेला उपाय म्हणजे ‘मेक’: ‘आय मेड द बार्बर कट माय हेअर’. हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं त्याला माझा कोपरापासून नमस्कार. ‘मेड’ म्हणजे भाग पाडलं. बिचारा नको नको म्हणत होता, तुम्ही त्याच्या हातात कात्री कोंबली. पैसे देऊन सेवा घेतली तर ‘मेक’ नको. माणसाचं नाव घ्यायचंच असेल तर ‘आय हॅड द बार्बर कट इट’, किंवा ‘आय गॉट द बार्बर टु कट इट’. ‘गेट’बरोबर ‘टु’ येतो, ‘हॅव’बरोबर येत नाही. ‘गेट’मध्ये थोडं मागे लागणं, मनवणंही असतं.

एरवी ‘हॅव’ की ‘गेट’ यावर फार डोकं शिणवू नका. ‘हॅव’ जरा इस्त्रीचं, ‘गेट’ घरगुती. मी पत्रात ‘हॅव’ लिहिते, बोलताना ‘गेट’. आणि ‘आय हॅव हॅड माय टूथ टेकन आउट’ यातले दोन ‘हॅव’ बघून एक खोडू नका. पहिला काळाचा, दुसरा करवण्याचा, दोघं आपापलं काम करताहेत. फक्त त्याला ‘यस्टरडे’ जोडू नका. काल म्हटलं की नुसतं ‘हॅड’.

मुलीनं शेवटी लिहिलं: ‘आय ॲम गेटिंग अ टूथ टेकन आउट.’ ‘एक्स्ट्रॅक्ट’ तिनं आपणहून काढलं, मी सांगितलं नव्हतं. ‘माय’चं ‘अ’ का केलं विचारलं, तर म्हणाली, ‘ताई, बत्तीस आहेत, कुठली ते त्याला कशाला?’