ग्लूट-१ आणि पीडीएच: डाएट तेच, पण आजार वेगळे

ग्लूट-१ डेफिशियन्सी आणि पीडीएच (पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज) डेफिशियन्सी हे दोन जनुकीय आजार, दोन्हीत मेंदूला साखरेपासून पुरेशी ऊर्जा मिळत नाही. दोन्हीत कीटो डाएट, म्हणजे भरपूर फॅट आणि अगदी कमी कार्बचं जेवण देतात, म्हणून ते एकच असं बरेच पालक धरून चालतात. त्यांना तरी काय दोष द्यायचा, जीन टेस्टचा रिपोर्ट हातात आला की आधी घाबरायलाच होतं. पण साखर नेमकी कुठे अडते ते बघा, तिथेच सगळा फरक आहे.

ग्लूट-१ मध्ये रक्तातली साखर नॉर्मल असते, पण तिला मेंदूत नेणारं प्रोटीनच कमी पडतं, म्हणजे ती दाराबाहेरच राहते. १९९१ मध्ये न्यूरोलॉजिस्ट डॉ. डी व्हिवो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आजार पहिल्यांदा मांडला. बहुतेकांना तान्हेपणीच फिट्स येतात, आणि एक गोष्ट कित्येकदा सगळ्यात आधी आईच्याच लक्षात येते: उपाशीपोटी मूल जास्त अडखळतं, खाल्लं की जरा बरं चालतं.

पीडीएचमध्ये साखर आत पोचते, अर्धी फुटतेसुद्धा, पण पुढची पायरी चालवणारं एन्झाइम कमजोर असतं, मग अर्धवट राहिलेल्या मालाचं, म्हणजे पायरुव्हेटचं, लॅक्टेट होऊन ते साठत जातं. म्हणून मणक्यातलं पाणी तपासलं की ग्लूट-१ मध्ये साखर कमी आणि लॅक्टेट कमी किंवा नॉर्मल दिसतं, पीडीएचमध्ये लॅक्टेट वाढलेलं. ही टेस्ट उपाशीपोटी करतात आणि रक्तातली साखरही तेव्हाच बघतात, नाहीतर तुलना कशाशी करणार?

आता डाएट. फॅटपासून बनलेले कीटोन मेंदूत दुसऱ्या दाराने शिरतात आणि पीडीएचची बंद पडलेली पायरीही टाळून पुढे जातात, म्हणून दोन्हीकडे चालतात. या डाएटचं ४:१ प्रमाण, म्हणजे चार भाग फॅटला एक भाग प्रोटीन-कार्ब: १००० कॅलरीत १०० ग्रॅम फॅट, आणि प्रोटीन-कार्ब मिळून फक्त २५ ग्रॅम. एका मध्यम पोळीतच १५ ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात, म्हणजे आजीने मायेने भरवलेली एक पोळी दिवसभराचं गणित मोडते. ग्लूट-१ मध्ये त्याने कीटोन उतरतात आणि फिट्स परत येऊ शकतात, पीडीएचमध्ये वर लॅक्टेटही चढू शकतं.

ग्लूट-१ मध्ये बऱ्याच मुलांच्या फिट्स डाएटने थांबतात किंवा खूप कमी होतात. पीडीएचमध्ये मेंदूची घडण पोटातच बिघडली असेल तर ते नुकसान डाएट भरून काढत नाही, हे लिहिताना जीव तुटतो पण पालकांना आधीच कळायला हवं. तिथे थायमिन (व्हिटॅमिन बी-१) देऊनही बघतात, काही मुलांना त्याचा चांगला उपयोग होतो.

आणि रिपोर्टवर ‘पायरुव्हेट’ पुढचा शब्द नीट वाचा. ‘डिहायड्रोजिनेज’ असेल तर तो पीडीएच. ‘कार्बोक्सिलेज’ असेल तर तो तिसराच आजार, त्यात कीटो डाएट धोक्याचं आहे, चुकूनही सुरू करायचं नाही.