पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर असलं की पुरे?

‘शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर असलं की मधली अक्षरं कशीही फिरवा, मेंदू शब्द सहज वाचतो. केंब्रिज विद्यापीठाचं संशोधन!’ 2003 पासून हा मजकूर फिरतोय. असं संशोधन केंब्रिजमध्ये झालंच नव्हतं. तिथल्याच मॅट डेव्हिस या संशोधकाने तसा खुलासा केला. या विषयावरचा 1976 चा प्रबंध होता, पण तो नॉटिंगहॅम विद्यापीठातला.

दावाही अर्धवटच. 2006 च्या एका प्रयोगात इंग्रजी शब्दांतली मधली अक्षरं बदलल्यावर वाचनाचा वेग साधारण 11 टक्क्यांनी घटला, सुरुवातीची बदलल्यावर 36 टक्क्यांनी. शिवाय त्या व्हायरल मजकुरात लबाडी आहे: छोटे शब्द जसेच्या तसे ठेवलेत आणि संदर्भ मदतीला आहे. एकटा शब्द घ्या. ‘मिवरणूक’ लगेच ओळखू येतो, कारण शेजारची दोनच अक्षरं बदललीत. ‘मिणूवरक’पाशी मात्र अडखळायला होतं, टोकाची अक्षरं तीच असूनही.

म्हणून उलटसुलट अक्षरांचं कोडं सोडवताना नुसतं टक लावून बघत बसू नका. आधी ओळखीचं शेपूट शोधा: णूक, दार, पणा. ते बाजूला काढलं की फिरवायला दोन-तीनच अक्षरं उरतात.