गोबरधन बायो-सीएनजी प्रकल्प, इंदूर

इंदूर शहरातील घरे, भाजीबाजार आणि हॉटेले यांच्या ओल्या कचऱ्यापासून वाहनांसाठी गॅस व शेतीसाठी खत तयार करणारा प्रकल्प. शहराबाहेर नेमावर रस्त्यावर, देवगुराडियाच्या महादेवाच्या टेकडीजवळ, जुन्या कचरा डेपोच्या जागेवर तो उभा आहे. इंदूरकर या जागेला अजूनही ट्रेंचिंग ग्राउंडच म्हणतात. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १९ फेब्रुवारी २०२२ रोजी दूरदृश्य प्रणालीद्वारे त्याचे उद्घाटन केले. रोज ५५० टन ओला कचरा पचवून सुमारे १७,००० किलो गॅस आणि १०० टन खत काढण्याची त्याची क्षमता आहे.

नावात गोबर असले तरी या प्रकल्पाचे रोजचे खाणे शेण नव्हे. गोबरधन हे २०१८ सालच्या केंद्रीय योजनेचे नाव. शेणाचा संबंध फार तर विरजणापुरता. अशा टाक्या पहिल्यांदा सुरू करताना जिवाणूंची वाढ व्हावी म्हणून शेणकाला घालण्याची पद्धत आहे.

प्रकल्पाची वाटणी समजून घेण्याजोगी आहे. जमीन आणि कचरा महानगरपालिकेचा; यंत्रसामग्रीची १५० कोटी रुपयांची सगळी गुंतवणूक इंडो एन्व्हायरो इंटिग्रेटेड सोल्यूशन्स या कंपनीची. निम्मा तरी गॅस महापालिकेने शहर बससाठी घ्यायचा, उरलेला कंपनीने खुल्या बाजारात विकायचा, असे ठरले. कंपनीला गिऱ्हाईक आधीच मिळाले आणि पालिकेला यंत्रासाठी खजिना उघडावा लागला नाही. या करारात सही न केलेला तिसरा भागीदारही आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा: दारात बादली घेऊन उभे राहणारे घर.

कारण असे प्रकल्प यंत्राअभावी क्वचितच अडतात. ते अडतात मिसळलेल्या कचऱ्यामुळे. लखनऊत २००३ साली कचऱ्याच्या जैववायूपासून ५ मेगावॉट वीज काढण्याचा प्रकल्प उभा राहिला. त्याच्या वाट्याला माती, खडी आणि प्लास्टिक मिसळलेला माल येत राहिला आणि तो लवकरच बंद पडला. इंदूरने क्रम उलटा ठेवला. आधी रस्त्यावरच्या कचराकुंड्या हटवून घरोघर गाड्या सुरू केल्या, देवगुराडियाला साठलेला सुमारे १३ लाख टन जुना कचरा उपसून वेगळा केला, चोइथराम मंडईत फळभाज्यांच्या कचऱ्यावर २० टनांचा छोटा संच चालवून पाहिला, आणि मग मोठ्या टाक्या बांधल्या. कचरागाडीला आता सहा कप्पे असतात: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा.

रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर अशा मराठी वस्तीच्या भागांत सकाळी गाडीचे गाणे ऐकू आले की दोन भाषा एकदम सुरू होतात. गाडीवाल्याला ‘भैया, एक मिनट’, आणि आत वळून ‘अगं, ओल्याची बादली दे लवकर’. बादलीत चहाचा चोथा, कोथिंबिरीच्या काड्या, पोह्यांवर पिळलेल्या लिंबाच्या फोडी. नारळाची करवंटी आणि आंब्याची कोय दिसायला ओल्या कचऱ्यातलीच, पण टाकीतल्या जिवाणूंना लाकडासारखे कठीण पदार्थ पचत नाहीत. भुट्ट्याच्या किसासाठी सोललेल्या कणसांच्या पानांचा ढीगही फार सावकाश विरघळतो.

प्रकल्पात आलेला माल चाळून त्यातले उरलेसुरले प्लास्टिक काढतात, मग तो भरडून पाण्यात कालवतात. हा काला बंद टाक्यांत हवेशिवाय सुमारे तीन ते चार आठवडे राहतो. एका जातीचे जिवाणू अन्नाचे आम्लांत रूपांतर करतात, दुसरे त्या आम्लांपासून मिथेन बनवतात. दुसऱ्यांचा वेग कमी. म्हणून एकदम जास्त माल घातला तर आम्ल साचून टाकीचे पोट बिघडते, आणि माणसासारखेच तिलाही मग काही काळ हलक्या खाण्यावर ठेवावे लागते. निघालेल्या वायूत मिथेन साधारण ५५ ते ६० टक्के असतो, बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि थोडा दुर्गंधी हायड्रोजन सल्फाइड. ते काढून टाकल्यावर मिथेनचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर नेतात, कारण आयएस १६०८७ या भारतीय मानकाची ती किमान अट आहे.

क्षमतेच्या आकड्यांवरून हिशेब केला तर एक किलो गॅसला सुमारे ३२ किलो कचरा लागतो. रोज किलोभर ओला कचरा देणाऱ्या घराची महिन्याची कमाई म्हणजे एक किलो गॅस. छोटी मोटार त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर जाईल. हे ऐकून निराश होणारे लोक एक गोष्ट विसरतात, की ओल्या कचऱ्यात बहुतांश पाणीच असते. शिवाय तोच कचरा डेपोवर कुजला असता तर मिथेन थेट हवेत गेला असता, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक उष्णता अडवतो. अर्थात टाकीतून किंवा नळीतून गळती झाली तर हा फायदा त्याच प्रमाणात घटतो. त्यामुळे सांधे, झडपा आणि मीटर तपासणे हे इथले कंटाळवाणे, पण अत्यावश्यक काम आहे.

भागीदारीची हीच रीत शहराने विजेसाठीही वापरली. नर्मदेचे पाणी खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून पंपांनी वर चढवून इंदूरला आणावे लागते आणि त्याचे वीजबिल पालिकेच्या मोठ्या खर्चांपैकी एक आहे. तेथे ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये महापालिकेने हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी व्याजाने घेतलेल्या कर्जाचे कागद, थेट जनतेला विकायला काढले. वार्षिक व्याज ८.२५ टक्के, उभारणी २४४ कोटी रुपयांची. मागणी त्याहून कितीतरी जास्त आली. कुकरची शिट्टी आणि कचरागाडीचे गाणे एकाच वेळी ऐकणाऱ्या घरांना आपल्याच नळाच्या पाण्याचे सावकार होण्याची संधी मिळाली.