हो, नाही आणि ‘संबंध नाही’

एक माणूस बारमध्ये शिरतो आणि पाणी मागतो. काउंटरमागचा माणूस खालून बंदूक काढून त्याच्यावर रोखतो. गिऱ्हाईक ‘थँक्यू’ म्हणून निघून जातं. का?

हे कोडं मी पहिल्यांदा घरात घातलं तेव्हा सगळी पोरं बंदुकीवरच तुटून पडली. प्रश्न हवे तितके विचारा, माझं उत्तर हो, नाही किंवा ‘संबंध नाही’ एवढंच. बंदूक खरी होती का? संबंध नाही. दोघांचं जुनं वैर होतं का? नाही. तो चोरी करायला आला होता का? नाही. दहा मिनिटं हेच चाललं. बाजूला शेंगा सोलत बसलेल्या मावशीने मग विचारलं, “त्याला तहान लागली होती का रे?” नाही. “मग पाणी कशाला मागितलं? काही होत होतं का त्याला?” हो. त्याबरोबर दोन-तीन पोरं एकदम ओरडली, “उचकी!” दचकवलं की उचकी थांबते हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण तहानेच्या प्रश्नाला ‘नाही’ येईपर्यंत ते कोणालाच आठवलं नव्हतं.

आपले जुने उखाणे किंवा कोकणातली हुमाणं याहून मुळातच वेगळी. ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ यातले दात आणि जीभ ओळखायला लागतं ते सगळं त्या ओळीतच असतं. ते एकट्याने, डोळे मिटूनही सुटतं. बारच्या कोड्यात अर्धी गोष्ट लपवलेली असते आणि ती विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. म्हणून या प्रकाराचं मूळ मला कोड्यांपेक्षा दिवाणखान्यातल्या प्रश्नोत्तरांच्या खेळात जास्त दिसतं.

तो खेळ इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात चांगला रुळलेला होता. चार्ल्स डिकन्सच्या १८४३ सालच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मध्ये तिरसट म्हाताऱ्या स्क्रूजचा भाचा नाताळच्या मेजवानीत पाहुण्यांबरोबर ‘येस अँड नो’ खेळतो. त्याने मनात धरलेली गोष्ट जिवंत प्राणी आहे, खेकसते, लंडनमध्ये राहते, पण प्राणिसंग्रहालयात नाही. घोडा? नाही. वाघ? नाही. अस्वल? नाही. शेवटी निघतो तो स्क्रूजमामाच! त्यावर काही पाहुणे तक्रार करतात, की अस्वलाला ‘हो’च म्हणायला हवं होतं. हा खेळ खेळलेल्या प्रत्येकाला ती तक्रार ओळखीची वाटेल.

हंगेरीत याच खेळाला ‘बारकोख्बा’ म्हणतात, आणि त्या नावामागे एक दंतकथा आहे. रोमनांविरुद्ध इ.स. १३२ ते १३५ या काळात ज्यूंच्या उठावाचं नेतृत्व करणाऱ्या बार कोख्बाकडे त्याचा एक माणूस शत्रूच्या तावडीतून परत येतो. त्याची जीभ छाटलेली, हात तोडलेले. बोलता येत नाही, लिहिता येत नाही, फक्त मान हलवता येते. बार कोख्बा एकेक प्रश्न विचारत त्याच्याकडून सगळी बातमी काढून घेतो. कथा खरी असो वा नसो, या खेळाचं मर्म इतक्या नेमकेपणाने सांगणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. हंगेरीचे गणिती अल्फ्रेड रेन्यी यांनी माहितीशास्त्र समजावताना हाच खेळ हाताशी धरला आणि पुढचा प्रश्न उभा केला: उत्तर देणारा मधूनच खोटं बोलला तर किती प्रश्न लागतील?

अमेरिकेत १९४६ साली हाच खेळ वीस प्रश्नांपुरता बांधून ‘ट्वेंटी क्वेश्चन्स’ या नावाने रेडिओवर आला आणि पुढच्याच वर्षी बीबीसीनेही तो सुरू केला. वीस हा आकडा दिसतो तितका लहान नाही. दर प्रश्नागणिक शक्यता निम्म्या होत गेल्या, तर वीस प्रश्नांत १०,४८,५७६ गोष्टींतून एक हुडकता येते.

पण तिथे शोधायची ती एखादी वस्तू किंवा व्यक्ती. घटना शोधायची म्हटली की हे निम्मं-निम्मं करणं लंगडं पडतं, कारण निम्मं कशाचं करायचं हेच माहीत नसतं. माझ्या मते खरा बदल इथे झाला. हो आणि नाही यांच्या जोडीला ‘संबंध नाही’ हे तिसरं उत्तर आलं. बंदूक खरी की खोटी याने काही फरक पडत नाही, हे कळणं हीच तिथे मोठी माहिती असते.

या कोड्यांना आज जे नाव चिकटलं आहे ते मात्र वेगळ्याच वाटेने आलं. माल्टात जन्मलेले डॉक्टर एडवर्ड डी बोनो यांनी १९६७ मध्ये ‘लॅटरल थिंकिंग’ हा शब्द रूढ केला. तोच खड्डा आणखी खोल खणत बसण्यापेक्षा दुसरीकडे खणून बघावं, असं ते सांगत. त्यांचा रोख विचार करायला शिकवण्यावर होता, दिवाणखान्यातल्या खेळावर नव्हता. पुढे पॉल स्लोन यांनी अशा कोड्यांचे संग्रह काढले, त्यातले काही संग्रह डेस मॅकहेल या आयर्लंडमधल्या गणिताच्या प्राध्यापकांसोबत, आणि हे नाव कोड्यांना कायमचं लागलं.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं कोडं सुपाचं. माणूस हॉटेलात अल्बट्रॉस पक्ष्याचं सूप मागवतो, एक घोट घेतो, हे खरंच अल्बट्रॉसचं आहे ना म्हणून खात्री करून घेतो, आणि घरी जाऊन जीव देतो. पूर्वी जहाज फुटून उपासमार झाली असताना सोबत्यांनी त्याला याच नावाने सूप पाजलेलं असतं. आजची चव वेगळी लागते, आणि तेव्हा आपण माणसाचं मांस खाल्लं हे त्याला उमगतं. जपानमध्ये अल्बट्रॉसच्या जागी समुद्री कासव आलं आणि अख्ख्या खेळालाच ‘कासवाचं सूप’ हे नाव पडलं. चीनमध्येही तेच नाव चालतं. तिथे सुरुवातीला सांगितलेल्या गोष्टीला सुपाचा पृष्ठभाग म्हणतात आणि लपवलेल्या सत्याला सुपाचा तळ.

जर्मनीत २००४ मध्ये ‘ब्लॅक स्टोरीज’ नावाची पन्नास पत्त्यांची पेटी निघाली. पत्त्याच्या पुढच्या बाजूला घटना, मागच्या बाजूला उत्तर. ज्याने मागची बाजू वाचली तो त्या कोड्यापुरता सोडवणाऱ्यांतून बाद. त्याने फक्त हो, नाही आणि संबंध नाही एवढंच म्हणायचं, आणि बाकीचे जवळ येऊन पुन्हा भरकटले तरी गप्प बसायचं.