हवेच्या झोताबरोबर धावणारी केबल

रस्त्याच्या कडेला चर खणून पुरले जाणारे रंगीत प्लास्टिकचे पाइप पाहिले, की त्यांच्यात ऑप्टिकल फायबर, म्हणजे प्रकाशाच्या रूपात संदेश नेणारे काचेचे तंतू, आधीच भरलेले असणार, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पुरताना ते बहुधा रिकामे असतात. भारतात लांब पल्ल्याच्या मार्गांवर सर्रास वापरली जाणारी डक्ट, म्हणजे असा पाइप, बाहेरून ४० आणि आतून ३३ मिलिमीटर व्यासाची असते. केबल तिच्यात नंतर शिरते, तीही हवेच्या झोताबरोबर, एका दमात एक-दोन किलोमीटर अंतर कापत.

दोरी बांधून केबल ओढता येत नाही, असे नाही; पण त्याला लवकर मर्यादा पडतात. सरळ डक्टमध्ये घर्षण केबलच्या वजनाच्या प्रमाणात वाढत जाते. वळण आले की मात्र ताणलेली केबल आतल्या भिंतीवर दाबली जाते, आणि जितका ताण अधिक, तितके हे घर्षणही अधिक. धक्क्यावरच्या खुंटाला दोराचे दोन-तीन वेढे देऊन एकटा माणूस मोठी होडी धरून ठेवू शकतो, तो याच नियमाच्या बळावर. घर्षणांक ०.१ इतका कमी धरला, तरी काटकोनातल्या प्रत्येक वळणाला ताण सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. ही वाढ चक्रवाढ व्याजासारखी असल्याने अशा दहा वळणांनंतर तो जवळजवळ पाचपट होतो. केबलमधल्या काचेच्या तंतूची जाडी जेमतेम १२५ मायक्रोमीटर असते. जादा ताणामुळे त्याच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म चिरा वाढतात आणि आज धडधाकट वाटणारा तंतू काही वर्षांनी तुटू शकतो.

ब्रिटिश टेलिकॉमच्या रीव्ह आणि कॅसिडी या संशोधकांनी १९८२ मध्ये वेगळा मार्ग सुचवला: हलके तंतू बारीक नळीतून हवेच्या प्रवाहाने न्यायचे. पुढे त्याच दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये विलेम ग्रिफियून यांनी हवेला यांत्रिक रेट्याची जोड दिली आणि जड केबलही या पद्धतीने टाकता येऊ लागली. हवा केबलच्या टोकाला बुचासारखी ढकलत नेते, ही समजूत चुकीची आहे. टोकाला बूच बसवले, तर सगळे बल तिथेच एकवटेल आणि ताणाचा तोच जुना प्रश्न पुन्हा उभा राहील. इथे हवा केबलपेक्षा कितीतरी वेगाने तिच्या अंगावरून वाहते आणि प्रत्येक मीटरला थोडे थोडे पुढे ओढते. जिथे घर्षण, तिथेच त्याला तोड देणारे बल. या पद्धतीची खरी करामत मला यातच दिसते.

तरीही हवा सगळीकडे सारखी ओढत नाही. डक्टच्या तोंडाशी वातावरणापेक्षा ८ बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाइतका) अधिक दाब असेल, तर पहिल्या अर्ध्या अंतरात त्यातला सुमारे २.६ बारच खर्ची पडतो आणि उरलेला जवळपास ५.४ बार दुसऱ्या अर्ध्यात, कारण पुढे जाता जाता हवा प्रसरण पावते आणि तिचा वेग वाढतो. म्हणजे सुरुवातीलाच ओढ सर्वांत कमी, आणि शिवाय १० मिलिमीटर जाडीची केबल त्या दाबाच्या विरोधात आत सारायला सुमारे साडेसहा किलो वजनाइतके बल लागते. ही उणीव केबल फुंकणाऱ्या यंत्राचे, म्हणजे ब्लोइंग मशीनचे, पट्टे भरून काढतात. ते केबल दोन्ही बाजूंनी पकडून आत रेटतात, पण फार जोर लावला तर केबल डक्टमध्ये नागमोडी होऊन अडकते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी केबलचा एक तुकडा मुद्दाम अडवून मशीनचा रेटा तपासतात आणि त्याची मर्यादा ठरवतात.

बाकीचे यश तयारीवर अवलंबून असते. डक्टचे तुकडे जोडणारा एखादा कपलर सैल राहिला, तर हवा तिथेच निसटते आणि पुढचा प्रवास मंदावतो. म्हणून आधी डक्टमधून स्पंज सोडून पाणी आणि माती बाहेर काढतात, मग दाब टिकतो का ते पाहतात. कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा गरम असते, ती थंड करूनच सोडावी लागते, नाहीतर केबलचे आवरण मऊ होऊन घर्षण वाढते.

अंतर एक-दोन किलोमीटरहून मोठे असेल, तर वाटेतल्या चेंबरजवळ (डक्टपर्यंत पोचण्यासाठी जमिनीत केलेल्या कप्प्याजवळ) दुसरे मशीन लावतात, किंवा बाहेर आलेली केबल पीळ पडू नये म्हणून जमिनीवर इंग्रजी आठच्या आकारात पसरतात आणि तिथून पुढच्या डक्टमध्ये फुंकतात. एवढा उपद्व्याप करून केबल अखंड ठेवण्याचे कारण साधे आहे: प्रत्येक जोडाशी थोडा प्रकाश वाया जातो.